रखरख आणि उकाडा

विद्यार्थी मित्रांनो, मराठीत उन्हाळ्यासाठी किती शब्द आहेत, हे तुम्ही कधी मोजले आहे का? सकाळचे ऊन कोवळे असते. दुपारचे ऊन रणरणते असते. वाऱ्याबरोबर अंगावर येतात त्या झळा. उन्हाने अंगाची आग आग होते, तिला काहिली म्हणतात. 'तलखी' हा शब्द तर तुमच्या ओळखीचा वाटेल. उर्दूत 'तल्खी' म्हणजे कडवटपणा. मराठीत आल्यावर हा शब्द उन्हाच्या तापासाठी वापरला जाऊ लागला.

या सगळ्या शब्दांतून आज मी दोनच शब्द निवडले आहेत. पहिला शब्द 'रखरख' आणि दुसरा 'उकाडा'. दोन्ही शब्द उन्हाळ्याचेच आहेत. पण ते दोन वेगळ्या उन्हाळ्यांचे आहेत. एका उन्हाळ्यातून दुसऱ्या उन्हाळ्यात राहायला जाणाऱ्या माणसाला हा फरक माहीत असावा लागतो. आमच्या घराला तो भुसावळहून लोणावळ्याला आल्यावर कळला.

मी मूळची भुसावळची. माझे अब्बा तिथे रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला होते. खानदेशचा उन्हाळा काय असतो, हे तिकडे राहिल्याशिवाय कळत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. माणसांचे सोडा, केळीच्या बागांनाही झळ लागते. म्हणून शेतकरी बागेच्या कडेने शेवरीची किंवा उंच गवताची दाट रांग लावतात. गरम वारा त्या रांगेला अडतो आणि केळीची पाने करपण्यापासून वाचतात.

अशा ठिकाणी माणसे उन्हाशी सामना करायला आपोआप शिकतात. आमच्या घरी सकाळी नऊलाच खिडक्या बंद होत. दाराला वाळ्याचा पडदा लावलेला असे. त्यावर अम्मी अधूनमधून पाणी शिंपडायची. पुढे कूलर आला. बाहेर जाताना अब्बा डोके, कान आणि तोंड जाड रुमालाने घट्ट बांधत. खिशात कांदा ठेवत. रात्री गच्चीवर पाणी मारून आम्ही तिथेच झोपत असू. दोरीवर टाकलेला ओला कपडा अर्ध्या तासात कडक होई. घाम तर दिसतच नसे. संध्याकाळी अब्बांच्या सदऱ्याच्या पाठीवर मिठाची पांढरी रेघ तेवढी उमटलेली असे. हीच ती रखरख. ती माणसाला वाळवते.

२०१६ च्या एप्रिल महिन्यात नोकरीच्या निमित्ताने आम्ही लोणावळ्याला राहायला आलो. अब्बा नुकतेच निवृत्त झाले होते. त्यामुळे अब्बा आणि अम्मी दोघेही माझ्याबरोबर आले. भुसावळहून निघताना नातेवाइकांनी आमचा हेवाच केला. "थंड हवेच्या ठिकाणी चाललात. आता तुम्हांला उन्हाळा कसला?" असे जो तो म्हणत होता. त्याच वर्षी १९ मे रोजी राजस्थानातील फलोदी येथे ५१ अंश तापमान नोंदले गेले. ती बातमी वाचून अब्बा म्हणाले, "बेटी, आपण वेळेवर निघालो."

लोणावळा हे पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील गाव. ते समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून थोडे अधिक उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी कडेला वसले आहे. गावाच्या पश्चिमेला डोंगर एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसते. घाट उतरला की खोपोली लागते. समुद्र इथून सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. पूर्वेला मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव अशी स्टेशने लागतात. जसजसे पूर्वेला जावे, तसतसा पाऊस कमी होत जातो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तळेगावात त्याच्या मानाने फारच कमी पडतो.

एप्रिल महिना आम्हांला खरोखरच सुखाचा गेला. सकाळी हवेत गारवा असे. संध्याकाळी घाटातून वारा येई. पण मे महिना मध्यावर आला, तशी हवा बदलली. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही खारे वारे वाचले आहेत. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येणारे ते वारे. हे वारे सोबत बाष्प घेऊन घाट चढतात. पाऊस जवळ येतो, तसे हे बाष्प वाढत जाते. पाऊस घेऊन येणाऱ्या मान्सूनचे नावच मुळी अरबी 'मौसिम' या शब्दावरून आले आहे. आकाशात ढग दाटत, पण पडत नसत. वारा मध्येच पडे. कपडे वाळायला वेळ लागू लागला. डब्यातले मीठ ओलसर झाले. मानेवर आणि पाठीवर घामोळे उठले.

आमच्या घरमालकीण काकू मूळच्या नाणे मावळातल्या. सामान लावतानाच त्यांनी आमचा कूलर पाहिला आणि म्हणाल्या, "बाई, हितं ह्यो कूलर मे महिन्यात चालायचा न्हाई. खोलीत नुसता दमटपणा हुईल. इकून टाका." अब्बांना ते पटले नाही. भुसावळचा कूलर म्हणजे त्यांचा अभिमान! पण त्यांनी तो लावून पाहिला, तेव्हा काकूंचे म्हणणे खरे निघाले. खोली गार होण्याऐवजी भिंतींना ओल आल्यासारखे वाटू लागले. काकू त्या हवेला 'गदगदतंय' म्हणत. कधी म्हणत, "आज लई उकडतंय." मला तेव्हा उकाडा या शब्दाचा नेमका अर्थ कळला. बटाटा जसा वाफेत उकडतो, तसा माणूस या हवेत उकडतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. अब्बांना भुसावळच्या भावाकडे इंद्रायणी तांदूळ पाठवायचा होता. हा वासाचा तांदूळ वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने तयार केला आणि १९८७ मध्ये तो शेतकऱ्यांना मिळाला. मावळात आलेला पाहुणा तो घेतल्याशिवाय जात नाही. अब्बा कामशेतच्या बाजाराला निघाले. काकू म्हणाल्या, "दादा, उन्हाचं जाऊ नका. सकाळी जा." अब्बा हसले. "आज पेपरात ३५ अंश लिहिले आहे. आमच्याकडे ३५ ला लोक पंखा बंद करतात!" त्यांनी नेहमीसारखा जाड सदरा घातला, तोंडाला रुमाल बांधला आणि ते गेले.

दुपारी दोनच्या सुमारास ते परत आले. खांद्यावर दहा किलोचे पोते होते. स्टेशनपासून घरापर्यंतचा चढ ते पायी चढून आले होते. सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. चेहरा पांढरा पडला होता. पोते खाली ठेवले आणि ते पायरीवरच बसले. पोटऱ्यांत गोळे आले होते. मळमळत होते. मी काही विचारले, तर उत्तर देताना त्यांचे शब्द अडखळत होते. आयुष्यभर तापलेल्या लोखंडाजवळ काम केलेला माणूस! त्याला असे बसलेले पाहून अम्मीच्या हातापायांतले बळ गेले.

काकूंनी मात्र वेळ घालवला नाही. त्यांनी अब्बांना पडवीत सावलीला झोपवले आणि पाय उशीवर ठेवले. रुमाल सोडला. सदऱ्याची बटणे काढली. मी ओल्या फडक्याने त्यांचे अंग पुसत राहिले. काकूंचा मुलगा पुठ्ठ्याने जोरजोरात वारा घालत होता. अब्बा शुद्धीवर होते, म्हणून अम्मीने साखर-मीठ घातलेले पाणी घोट घोट पाजले. अर्ध्या तासाने त्यांचे बोलणे सरळ झाले. मग रिक्षातून आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "उन्हाचा थकवा आहे. आणखी उशीर झाला असता, तर उष्माघात झाला असता." अब्बांना काही पटेना. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी ४६ अंशांत काम केले आहे. ३५ अंशांत मला काय होणार?"

डॉक्टर म्हणाले, "चाचा, भुसावळला तुमचा घाम दिसत नाही, कारण तो लगेच वाळतो. इथे तो दिसतो, कारण तो वाळत नाही. नुसता घाम येऊन अंग थंड होत नाही. घाम वाळला, तरच अंग थंड होते. इथे तुमचा घाम गळून गेला. अंगातले पाणी गेले, मीठ गेले आणि उष्णता मात्र आतच राहिली."

मित्रांनो, या चार वाक्यांत या धड्याचे सार आहे. ते नीट समजून घेऊ या. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. घामाची वाफ होताना ती उष्णता आपल्या कातडीतून घेतली जाते. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर अंगातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. बर्फासारखे गार असलेले जवळजवळ सहा लिटर पाणी उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागेल, तेवढी ही उष्णता. निसर्गाने दिलेला हा आपला कूलर आहे. पण हवेत आधीच भरपूर बाष्प असेल, तर ती घामाचे बाष्प घेत नाही. भरलेल्या माठात आणखी पाणी मावत नाही, तसेच हे. वाळ्याचा पडदा आणि आपली कातडी यांचे काम एकाच नियमाने चालते. जिथे पडदा चालत नाही, तिथे कातडीचेही काम अवघड होते.

शाळा सुरू झाल्यावर मी वर्गात एक प्रयोग करून घेतला. तुम्हीही तो करू शकता. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला पातळ सुती कापड गुंडाळा आणि ते ओले ठेवा. दुसरा कोरडा राहू द्या. दोन्ही सावलीत टांगा आणि वारा घाला. पाच-दहा मिनिटांनी दोन्ही आकडे वाचा. ओल्या तापमापकाचा आकडा कमी दिसेल, कारण कापडातील पाण्याची वाफ होते. हवा जितकी कोरडी, तितका दोन आकड्यांत फरक जास्त. हवा जितकी दमट, तितका फरक कमी.

आता दोन उदाहरणे पाहा. एका गावात कोरडा तापमापक ४० अंश दाखवतो आणि ओला २२. तिथली सापेक्ष आर्द्रता सुमारे २० टक्के आहे. दुसऱ्या गावात कोरडा ३४ दाखवतो आणि ओला २९. तिथली आर्द्रता सुमारे ७० टक्के आहे. पेपरात पहिल्या गावाचे नाव ठळक छापून येईल. पण कष्टाचे काम करणाऱ्या माणसाला दुसरे गाव अधिक त्रास देईल. ओल्या तापमापकाचा आकडा ३५ पर्यंत गेला, तर धडधाकट माणूसही सावलीत बसून काही तासांपेक्षा जास्त तग धरू शकत नाही, असे शास्त्रज्ञ मानत आले. अलीकडे तरुण, निरोगी माणसांवर झालेल्या प्रयोगांत तर ही मर्यादा याहूनही खाली असल्याचे दिसले आहे.

भारतीय हवामान विभागही सगळीकडे एकच माप लावत नाही. उष्णतेची लाट आहे की नाही, हे ठरवताना मैदानी भागात किमान ४० अंश, समुद्रकिनाऱ्यावर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश तापमान पाहिले जाते. त्याबरोबर, तापमान नेहमीपेक्षा किती वाढले, हेही पाहतात. ३७ हा आकडा भुसावळला काहीच नाही, पण किनाऱ्यावर तो धोक्याची घंटा आहे.

ही घंटा ऐकली नाही, तर काय होते? १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर एक मोठा सरकारी समारंभ झाला. लोणावळ्याहून घाट उतरून मुंबईच्या वाटेने गेले की खारघर लागते. लाखो लोक कित्येक तास उन्हात बसले होते. त्या दिवशी तिथले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. उष्माघाताने चौदा माणसे मरण पावली. ही बातमी आली, तेव्हा अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अडतीसच होते ना!"

आमच्या घरी त्या दुपारनंतर बरेच काही बदलले. खानदेशातल्या काही सवयी आम्ही ठेवल्या. काही सोडल्या. काही मावळातल्या नव्या घेतल्या. 'देश तसा वेश' ही म्हण तुम्ही वाचली असेल. आम्ही ती कपड्यांपासूनच पाळली. रखरखीत उन्हात जाड कापडाने अंग झाकून घेणे शहाणपणाचे असते, कारण गरम वारा अंगाला लागू द्यायचा नसतो. उकाड्यात मात्र अंगाला वारा लागलाच पाहिजे. अब्बांसाठी आम्ही पातळ सुती सदरे शिवले. मी माझा बुरखा सुती, सैल आणि फिकट रंगाचा शिवून घेतला. डोक्यावर ऊन नको, म्हणून छत्री आली. घामाने भिजलेले कपडे दुपारी बदलायचे, असा नियम झाला. घामोळे त्यानेच कमी झाले.

मग घर. भुसावळला दुपारी खिडकी उघडी राहिली, तर अम्मी रागवायची. इथे आम्ही उन्हाच्या बाजूला पडदा लावतो, पण समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवतो. हवा खेळती राहिली, की अंगाजवळची दमट हवा निघून जाते आणि घामाला वाळायला जागा मिळते. पंख्याचेही तसेच. उकाड्यात पंखा चांगला उपयोगी पडतो. पण हवाच ४० अंशांच्या पुढे गेली, तर पंखा अंगावर गरम वारा फेकतो. तेव्हा अंग ओले करून वारा घ्यावा.

मावळात बऱ्याच घरांना पत्र्याचे छप्पर असते. दुपारी पत्रा तापतो आणि खोलीची भट्टी होते. काकूंच्या मुलाने त्यांच्या पत्र्याला वरून पांढरा चुना दिला आहे. पांढरा रंग ऊन परतवतो. याच्या उलट अनुभव घ्यायचा असेल, तर मळवली स्टेशनवर उतरून भाजे लेणी पाहायला जा. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी ही लेणी काळ्या कातळात कोरली गेली. बाहेर ऊन तापलेले असते आणि आत पाऊल टाकताच गारवा लागतो. जाड कातळ सावकाश तापतो, हे त्याचे कारण. तिथे पाणी साठवण्यासाठी कातळातच टाकी खोदली आहेत. त्यांना 'पोढी' म्हणतात. जाड भिंती, खोल सावली आणि हाताशी पाणी या तीन गोष्टी त्या काळच्या माणसांनी नेमक्या ओळखल्या होत्या.

पाण्याच्या बाबतीत डॉक्टरांनी अब्बांना एक गोष्ट निक्षून सांगितली. तहान लागण्याची वाट पाहायची नाही. लघवी गडद पिवळी होत असेल, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. फार घाम गेला असेल, तर नुसत्या पाण्याने भागत नाही. मीठही भरून काढावे लागते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. दिलीप महालनबीस या डॉक्टरांनी १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत अशाच प्रकारच्या क्षार-साखरेच्या पाण्याने पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचवले होते. घरी आम्ही ताक, कैरीचे पन्हे, कोकणातून येणारे कोकम सरबत आणि काकूंनी शिकवलेली नाचणीची आंबील घेतो. मे महिन्यात करवंदे आणि जांभळे पानांच्या द्रोणात विकायला येतात. अम्मीला ती आता भुसावळच्या केळ्यांइतकीच आवडतात.

त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यातच रमजान सुरू झाला. पाऊस अजून आला नव्हता. डॉक्टरांनी अब्बांना सुरुवातीचे रोजे ठेवू नका, असे सांगितले. आजारी माणसाला रोजा नंतर ठेवण्याची सवलत आहे. अब्बांनी ते रोजे पुढे थंडीत पूर्ण केले. आम्ही बाकीचे सहरीला सावकाश दोन-तीन पेले पाणी पीत होतो आणि इफ्तारला खजुराबरोबर सब्जाचे सरबत घेत होतो.

वेळेचे महत्त्व तर मावळच्या शेतकऱ्यांकडून शिकावे. भाताच्या खाचरांची पेरणीपूर्व कामे याच दिवसांत असतात. माणसे उजाडायच्या आत शेतावर जातात. दहा-अकराला परततात आणि पुन्हा ऊन कलल्यावर जातात. त्यांना कुणी आर्द्रतेचे गणित शिकवलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ते त्यांच्या अंगवळणी पडले आहे.

शरीरालाही नव्या हवेची ओळख व्हायला वेळ लागतो. साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात शरीर हळूहळू शिकते. घाम लवकर सुटू लागतो आणि घामातून जाणारे मीठ कमी होते. म्हणून नव्या गावात पहिले दोन आठवडे कष्टाचे काम थोडे थोडे वाढवत न्यावे. अब्बांनीही तसेच केले. पहिल्या आठवड्यात ते सकाळी पाव तास फिरत. मग अर्धा तास. पाऊस सुरू झाला, तेव्हा ते छत्री घेऊन वळवण धरणापर्यंत जाऊ लागले.

पण वेळ निवडणे सगळ्यांच्या हातात नसते, हेही विसरू नका. पवन मावळात आणि तळेगावच्या बाजूला गुलाबाची पॉलिहाउसे आहेत. माझ्या वर्गातील एका मुलीची आई तिथे फुले तोडण्याचे काम करते. प्लॅस्टिकच्या छताखाली ऊब आणि बाष्प दोन्ही कोंडून राहतात. बाहेर उकाडा असतो, तेव्हा आत त्याच्या दुप्पट वाटतो. तापमापकाचा प्रयोग त्या मुलीने घरी करून दाखवला. पुढच्या आठवड्यात त्या बायकांनी मिळून मुकादमाला सांगितले, की आम्ही सूर्य उगवताना येतो, पण दुपारी आम्हांला बाहेर सावलीत बसू द्या. मुकादमाने ते मान्य केले. दोन तापमापक आणि एक चिंधी यांनी एवढे काम केले.

जगात इतरत्रही हा विचार होत आहे. तुमच्यापैकी काहींचे वडील, चाचा किंवा मामू आखाती देशांत असतील. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी असते. आपल्याकडे अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. त्यानंतर अनेक शहरांनी अशा योजना केल्या. याची गरज वाढतच जाणार आहे. हवा एका अंशाने तापली, की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. पुढच्या काळात रखरखही वाढेल आणि उकाडाही वाढेल.

तुमच्यातले कितीतरी जण उद्या गाव बदलतील. मालेगावचा यंत्रमाग कामगार भिवंडीला जातो. नागपूरचा मुलगा शिकायला मुंबईला येतो. रत्नागिरीची मुलगी लग्न होऊन जळगावला जाते. जाताना सामानात काय न्यायचे, याची यादी आपण करतो. तिथली हवा कशी आहे, हेही विचारून घ्या. दोरीवरचा कपडा किती वेळात वाळतो, एवढे पाहिले तरी पुष्कळ समजेल. तो झटकन वाळत असेल, तर ऊन आणि गरम वारा टाळा. तो वाळता वाळत नसेल, तर वारा घ्या आणि दमाने काम करा. आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांचे ऐका.

उन्हात कुणी बसकण मारली, तर काय करायचे, हे पाठ करून ठेवा. त्याला सावलीत न्या. कपडे सैल करा. अंगावर पाणी घालून वारा घाला. मानेला आणि काखेत गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. तो शुद्धीवर असेल, तरच घोट घोट पाणी द्या. तो असंबद्ध बोलत असेल, बेशुद्ध पडला असेल किंवा त्याचे अंग फार तापले असेल, तर तो उष्माघात आहे. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नका. त्याला घाम येत असला, तरी निश्चिंत राहू नका. उकाड्यात घाम येत असतानाही उष्माघात होतो.

शेवटी तुम्हांला एक काम सांगते. पुढच्या वर्षी तुमच्या वर्गात दुसऱ्या गावाहून कुणी नवा मुलगा किंवा नवी मुलगी आली, तर तिला खिडकीजवळची जागा द्या. तिच्या गावचा उन्हाळा कसा असतो, ते विचारा. तुमच्या गावचा कसा असतो, ते तिला सांगा. पहिले दोन आठवडे मैदानावर तिच्याकडे लक्ष ठेवा. ती दमली, तर तिला हसू नका. तिचे शरीर तुमच्या गावची हवा शिकत असते.